उन्हाळ्याची ढोरवाट

बाबा, यंदाच्या चैत्रात मी तुमच्या वाटेनं चालले. होळी झाली की गावाची भाकड ढोरं घेऊन तुम्ही नदीपलीकडच्या रानात जायचे आणि मिरगाच्या आधी परत यायचे, ती वाट. जितकी चालले तितक्यात इतका संताप आला की तो कोणावर काढावा हे कळेना, म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे. दादावर काढून झाला. तहसील कचेरीतल्या साहेबांवर काढला, तो त्यांनी पंख्याखाली बसून शांतपणे ऐकून घेतला. आता तुम्हीच उरलात, आणि खरं म्हणजे पहिला मान तुमचाच होता.

मी अजून अड्याळच्या दवाखान्यात नर्स आहे, दोन वर्षांनी निवृत्त होईन. दादा गावातच आहे आणि तुमच्यासारखा गायकीच आहे, गावाची ढोरं राखतो. तुमच्या वेळी सकाळी आखरावर अख्ख्या गावाची ढोरं उभी राहायची, पाय ठेवायला जागा नसायची. आता ट्रॅक्टर आले, बैल गेले, आणि दादाच्या मागं जेमतेम चाळीस ढोरं उरली होती. त्यांना खायला काय घालायचं हा प्रश्न आहे. धान हार्वेस्टरनं कापतात, तनीस, म्हणजे धानाचा पेंढा, वावरातच चुरडून जाते, उरलेली पेटवून देतात. गायरानावर आधी शाळा आली, मग पाण्याची टाकी, मग घरकुलं. त्याबद्दल तक्रार तरी काय करणार, दादाच्या मुलाचं घरकुलही तिथंच आहे. मागच्या उन्हाळ्यात दादा ढोरं घेऊन नदीकडं निघाला, चाळीस वर्षांनी पुन्हा जुन्या वाटेनं निघाला, आणि वाटेवरच्या वावराच्या मालकानं अकरा गाई धरून कोंडवाड्यात घातल्या. दादाला शिव्या दिल्या. साठी उलटलेल्या माणसाला, त्याच्या नातवासमोर. दादानं फोन करून एवढंच सांगितलं, "बाई, आपली वाट होती ना तेथून? का मलेच भास होऊन राहिला?"

तो भास नव्हता. मी नऊ वर्षांची असताना एक उन्हाळा तुमच्याबरोबर चालले होते. माय मामाकडं आजारी पडली होती आणि मला ठेवायला कोणी नव्हतं, म्हणून नेलं होतं तुम्ही, काही हौसेनं नाही. तीन मुक्काम होते. पहिला बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या, खाली एका वावरात. ते घर तुम्हाला बोलावून घ्यायचं, कारण ढोरं दोन दिवस बसली की वावराला फुकट खत व्हायचं. त्या घरची बाई वांगी आणून द्यायची आणि तुम्ही शेणाच्या गोवऱ्यांवर पानगे भाजायचे. घरात कधी चुलीजवळ न फिरकणारा माणूस इथं कणीक मळतो हे पाहून मला इतकं हसू येतं की मी तोंडात ओढणीचा बोळा घालते. तुम्ही म्हणता, "हास बाई, हास. पन खाशील तेव्हा सांगजो, तुह्या मायच्या हातचे चांगले का माह्या." मी तुमचे म्हणाले होते. मायला ते कधी सांगितलं नाही.

दुसरा मुक्काम नदीचा. वैनगंगेच्या काठावर तुम्ही ढोरं थांबवायचे आणि आधी एकटे पाण्यात उतरायचे, काठीनं चाचपत. दर वर्षी नदीनं रेती इकडची तिकडं केलेली असे. पलीकडं जाऊन परत यायचे आणि मग गळ्यात लाकडी घंटेचं टापर बांधलेली म्हातारी गाय तुमच्या मागं पाण्यात पाय घालायची. ती उतरली की बाकीची उतरत. तिसरा मुक्काम करडीच्या पुढं उभ्या दगडांजवळ, आणि तिथून रान. रानात मोहाच्या झाडाखाली वाघदेवाला शेंदूर लावून तुम्ही म्हणालात की ही वाट तुमच्या आज्याची नाही, त्याच्याही आज्याची नाही, ढोरांची आहे. आधी ढोरं चालली, मागून माणसं.

हे सगळं मी वाट मोकळी करून मागणाऱ्या अर्जात लिहिलं. पानग्यांचं नाही, बाकीचं. साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, "ताई, नकाशात पांदण बोडीपर्यंतच आहे. पुढं खाजगी सात-बारे आहेत. पुरावा काय?" मी म्हणाले, मी चालले आहे. ते म्हणाले, "मग परत चाला. कुठून कशी जाते ते दाखवा, फोटो काढा, म्हाताऱ्या माणसांचे जबाब घ्या." तलाठी बरोबर येणार होता. तो आला नाही.

मी रजा टाकली. दादानं बारा गाई घेतल्या, मी फोन आणि वही घेतली, आणि आम्ही निघालो. बोडीपर्यंत पांदण आहे, म्हणजे बाभळी माजलेली एक नाली आहे. बोडीच्या खाली आलो आणि थांबलो, कारण पुढं सगळं हिरवं होतं. बाबा, तुम्ही गेलात तेव्हा उन्हाळ्यात इथं फुफाटा उडायचा. आता कालव्याचं पाणी येतं, मोटारी आहेत, लोक उन्हाळी धान घेतात. ज्या महिन्यांत वावरं मोकळी असायची आणि ढोरं कुठूनही जायची, त्याच महिन्यांत आता चिखल करून रोवणं झालेलं असतं. वाट कोणी चोरून नेली असं नाही. तिचा मोसमच संपला. पण हे मला तेव्हा सुचलं नाही, तेव्हा नुसता राग आला.

पहिल्या मुक्कामाचं घर अजून आहे. अंगणात पंचशीलाचा झेंडा आहे. तुम्हाला वांगी देणारी बाई केव्हाच गेली. तिची नातसून धानात खत टाकत होती. आमची ओळख सांगितल्यावर तिनं हात धुतले, आम्हाला सावलीत बसवलं, चहा केला. म्हणाली, "माहा सासरा सांगे. तुमच्या बापाची ढोरं अठी बसत, म्हनून हे वावर पिकते म्हने."

"मंग जाऊ दे ना बाई, बाराच तं ढोरं आहेत," दादा म्हणाला.

"कुठून जाऊ देऊ, भाऊ? तुमीच दाखवा. पाय ठेवाले जागा आहे का?"

जागा नव्हती. धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, एक माणूस जेमतेम जाईल एवढीच जागा, आणि त्याच्या कडेनं झटका मशीनची तार, रानडुकरांसाठी. तिनं जबाब मात्र दिला. माझ्या वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिलं की इथून पूर्वी ढोरं जात होती असं सासरे सांगत. आणि मग म्हणाली, "मी लिवून देल्लं, पन वाट मागू नोका मले." तिच्यावर रागावता आलं असतं तर बरं झालं असतं.

आम्ही डांबरी रस्त्यानं वळसा घालून नदीवर पोहोचलो. जिथून तुम्ही उतरायचे तिथं रेती उपसून मोठमोठे खड्डे झाले आहेत. वरून पाणी सारखंच दिसतं. दादा काठी घेऊन उतरला, अगदी तुमच्यासारखा, आणि तिसऱ्या पावलाला छातीपर्यंत गेला. मी किंचाळले. गाई काठावर कान टवकारून उभ्या राहिल्या, एकही पुढं आली नाही. रेतीच्या ट्रॅक्टरवरचा माणूस ओरडला, "मावशी, अठून नोका जाऊ. मांगच्या महिन्यात म्हैस गेली डोहात, निघालीच नाई."

"डोह कोनं केला रे?" दादानं ओल्या अंगानं विचारलं.

तो माणूस ट्रॅक्टर सुरू करून निघून गेला.

पुलावरून गाई नेल्या. पुढून ट्रक, मागून ट्रक, सगळे हॉर्न वाजवत. तांबडी गाय बिचकून कठड्यावर आदळली आणि तिचं शिंग मोडलं. मी नर्स आहे, पस्तीस वर्षं रक्त पाहते आहे, पण त्या पुलावर तिच्या शिंगाला पदराची पट्टी मी तीनदा बांधली आणि तीनदा ती सुटली. घाबरून नव्हे, शरमेनं. ज्या जनावराच्या आज्या-पणज्या इथून पाण्यातून निवांत गेल्या त्याला मी एका कागदासाठी इथं आणलं होतं.

करडीच्या पुढचे उभे दगड तुम्ही असताना सात होते. आता तीन आहेत, बाकीचे कोणाच्या तरी बांधात गेले. एका कॉलेजचे सर तिथं मुलांना घेऊन आले होते. त्यांनी सांगितलं की हे दगड इथल्या कुठल्याही गावाच्या आधीचे आहेत, ढोरं राखणाऱ्या माणसांनीच उभे केले असावेत, आणि असे दगड बहुधा अशाच वाटांच्या कडेला सापडतात. मी ते सगळं लिहून घेतलं, त्यांची सही घेतली. मला वाटलं, झालं, आता कोण नाही म्हणतो. पुढं रानाच्या तोंडाशी गेट आहे. तिथला रक्षक माझ्या मुलाच्या वयाचा होता. त्यानं आम्हाला माठातलं पाणी दिलं, तांबडीच्या शिंगावर लावायला हळद आणून दिली, आणि सांगितलं की आत ढोरं नेता येत नाहीत, हे आता अभयारण्य आहे. वाघदेवाचं झाड गेटच्या आत आहे. दादानं बाहेरूनच हात जोडले. नंतर आम्ही टेंपो सांगितला आणि गाई त्यात चढवून घरी आणल्या. तीन दिवसांत पायी गेलो ते सव्वा तासात परत आलो.

कचेरीत तारखेच्या दिवशी मी फाइल घेऊन गेले. फोटो, नातसुनेचा जबाब, कॉलेजच्या सरांचं पत्र, हातानं काढलेला नकाशा. समोरच्या बाजूनं गाई कोंडणारा आताचा मालक, म्हणजे जुन्या मालकाचा नातू, आणि त्याचा वकील. साहेबांनी माझे कागद एकेक करून पाहिले, मला वाटतं त्यांना खरंच काहीतरी करावंसं वाटत होतं. मग त्यांनी एक जुनी फाइल उघडली आणि तिच्यातला पिवळा कागद माझ्याकडं फिरवला. जुन्या मालकानं वाट शेतात मिळवून घेतली त्या वेळी चौकशी झाली होती, गावच्या गायकीचा जबाब घेतला होता. सदर वाटेने आता जनावरे जात नाहीत, पुढेही नेणार नाही, वाट बंद करण्यास माझी हरकत नाही. खाली सही.

"ताई," साहेब म्हणाले, "ही सही तुमच्या वडिलांचीच आहे का? कारण गावच्या बाकी सगळ्या कागदांवर त्यांचा अंगठा आहे."

वकील पुढं वाकला. दादा माझ्याकडं पाहत होता. साहेबही पाहत होते, आणि त्यांच्या आवाजावरून मला कळलं की त्यांनी दार किलकिलं ठेवलं आहे. मी नाही म्हणाले असते तर तो कागदच संशयात गेला असता.

"हो," मी म्हणाले. "त्यांचीच आहे."

कारण मीच शिकवली होती. त्या नवव्या वर्षीच्या उन्हाळ्यात, नदीकाठच्या रेतीत, तुमच्याच काठीनं. तुम्ही रोज दुपारी ढोरं बसली की नाव गिरवायचे आणि कोणी येताना दिसलं की पायानं पुसून टाकायचे. मी तेव्हा तिसरीत होते आणि पहिली वेलांटी उलटी काढायची. गुरुजींनी माझी पुढं सुधारली. तुमची कोण सुधारणार? त्या पिवळ्या कागदावर ती वेलांटी तशीच उलटी बसली होती. रेशनच्या दुकानात, सोसायटीत, माझ्या शाळेच्या दाखल्यावरसुद्धा तुम्ही लाजून अंगठा पुढं केला, आणि आयुष्यात सही केली ती ह्या एका कागदावर. मला सांगा बाबा, ह्याच्यावरच का? इथं अंगठा दिला असता तर मी डोळे मिटून म्हणाले असते की अंगठा कोणाचा कोणाला ठाऊक.

अर्ज फेटाळला. बस स्टँडवर दादा माझ्यापासून दोन बाकं दूर बसला. मी रसाचे दोन पेले आणले, त्यानं घेतला नाही. मग म्हणाला, "नाई म्हनली असती तं काय बिघडलं असतं? बाप अडानी होता, साऱ्या गावाले माहीत आहे."

"दादा, सही बाबांचीच होती."

"मले माहीत आहे कोनाची होती. मी होतो ना तेथं. सायकल धरून उभा होतो."

मी विचारलं, मग कधी सांगितलं का नाहीस? त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "तुह्या हॉस्टेलसाठी केली त्यानं सही. जुना मालक त्या हॉस्टेलच्या कमिटीत होता. त्याची चिठ्ठी पाहिजे होती तुले. बाबा म्हने, बाईले सांगू नोको, तिचं मन नाई लागनार अभ्यासात." त्यानं रसाचा पेला माझ्याकडं सरकवला. "तुले शाळा भेटली. मले ढोरं भेटली, अन् वाट नाई."

त्याची बस आधी आली. तो गेला. तेव्हापासून मी चार वेळा फोन केला, त्याची सून उचलते आणि म्हणते, ते बाहेर गेले.

माझा राग नेमका कशाचा ते मी महिनाभर शोधते आहे. तुम्ही सही केली ह्याचा नाही. माझ्यासाठी केली ह्याचाही नसावा. राग ह्याचा आहे की तुम्ही आम्हा दोघांमधून निवड केली आणि ती निवड दादाच्या समोर केली. तो तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, तुमच्या मागं काठी घेऊन चालत होता, त्याचं पुढचं सगळं आयुष्य त्या वाटेवर होतं. त्याला विचारलं का तुम्ही? सायकल धर म्हणालात, एवढंच. आणि मला विचारलं का? मी म्हणाले असते की नको. कदाचित म्हणाले नसते. पण निदान मला माहीत असतं की मी कशावर उभी आहे. चाळीस वर्षं मी लोकांना सांगत आले की मोठ्या लोकांनी आमची वाट गिळली. दवाखान्यात नव्या मुलींना सांगितलं, माझ्या मुलांना सांगितलं, सुनावणीच्या आदल्या दिवशी साहेबांनाही सांगितलं.

आता मागचं सगळं दुसऱ्या बाजूनं दिसतं, आणि तेही मला नको आहे. हॉस्टेलात गेल्यावर पहिल्या दिवाळीला मी भंडाऱ्याहून घरी आले. गोधनाच्या दिवशी आखरावर गायकींची ढाल नाचली, डफडं वाजलं, आणि दुसऱ्या सकाळी मी सहज तुमची काठी घेऊन ढोरांमागं निघाले. तुम्ही काठी हिसकून घेतली. कधी आवाज न चढवणारे तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "पुन्हा हातात काठी दिसली तं पाय मोडून टाकीन." मी रडत घरी गेले. मला वाटलं, शिकलेल्या मुलीची तुम्हाला लाज वाटते. मग वाटलं, ढोरांची वाटते. आता वाटतं की जी वाट देऊन तुम्ही मला तिथं पाठवलं होतं, तिकडंच मी परत चालत निघाले होते. पण हे माझंच म्हणणं. तुम्ही तर काही बोलला नाहीत. मरतानाही नाही. मी उशाशी बसून सलाईन बदलत होते, तीन दिवस होते तुमच्याकडं.

दादा एकदा म्हणाला होता, त्याला बरीच वर्षं झाली, की वाट बंद झाल्यावरही होळी झाली की ढोरं आखरावर पूर्वेकडं तोंड करून उभी राहायची. हाकललं तरी हलायची नाहीत. तुम्ही त्यांना घाण घाण शिव्या द्यायचे आणि मग झाडाखाली जाऊन पाठ करून बसायचे. मी ते ऐकून हसले होते. कुठं जायची होती त्यांना, हे मी विचारलं नाही. हॉस्टेलात गेल्यापासून उन्हाळ्यात ढोरांचं काय होतं हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

दादानं ढोरं विकली. चार ठेवली, त्यात तांबडी आहे. तिचं शिंग भरून आलं. लोकांना त्यानं सांगून टाकलं की पुढच्या वर्षीपासून आपापली ढोरं आपण पाहा. म्हणजे गावात आता गायकी नाही. अपील करता येतं असं कॉलेजच्या सरांनी कळवलं आहे, ते साक्ष द्यायला तयार आहेत. मी फॉर्म आणला. अपिलात लिहावं लागेल की जबाब दडपणाखाली दिला होता, म्हणजे माझं हॉस्टेल त्यात लिहावं लागेल, दादाची सायकल लिहावी लागेल. फॉर्म कोराच आहे. दादा म्हणेल तर भरीन.

हे पत्र त्याला वाचून दाखवावं असं वाटलं होतं. दाखवणार नाही, कारण एक गोष्ट राहिली आहे आणि ती त्याला सांगायची माझी हिंमत नाही. त्याला वाटतं मी खरं बोलायचं म्हणून हो म्हणाले. साहेबांनाही तसंच वाटलं, ते जाताना मला म्हणाले, ताई, तुमच्यासारखी माणसं कमी. तसं काही नव्हतं. साहेबांनी तो कागद फिरवला, मला ती उलटी वेलांटी दिसली, आणि त्या क्षणी वाट, दादा, गाई, काही डोक्यात राहिलं नाही. मी रेतीत शिकवलेलं तुम्ही विसरला नव्हता. मला आनंद झाला होता, बाबा. मी हो म्हणाले ते त्या आनंदात.